परसातला घेवडा आणि घरचे बी



हलके धान कापून झाले, भारी धान पिवळे पडू लागले, गावोगाव मंडईची तयारी सुरू झाली, की आपल्या भंडारा जिल्ह्यात रब्बीचा विचार सुरू होतो. कोणी उभ्या धानात लाखोरी फेकून मोकळा होतो, कोणी बांधीत हरभरा किंवा जवस घेतो. घरामागच्या परसाकडे, आपल्या सांदवाडीकडे, मात्र तेव्हा कोणाचे लक्ष नसते. तिथे मांडवावर वालाचा वेल फुलावर आलेला असतो, कुंपणाला दोडक्याचे वाळलेले वेल लोंबत असतात, आणि मधली दोन-चार वाफ्यांची जागा मोकळी पडलेली असते. त्याच जागेत ठिपक्यांचा घेवडा, म्हणजे राजमा, कसा घ्यावा आणि त्याचे बी घरच्या घरी कसे धरावे, हे या पत्रकात सांगायचे आहे. सोबत वालाच्या बियाण्याचेही सांगू, कारण एकाचे चुकते ते दुसऱ्यावरून चांगले समजते.

आता तुम्ही म्हणाल, घेवडा काही आपल्याकडचा नव्हे. खरे आहे. हे पीक मुळात अमेरिका खंडातले. मेक्सिकोच्या बाजूला फिकट दाण्यावर तपकिरी ठिपके असलेल्या जातीला पिंटो म्हणतात. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ रंगवलेला, ठिपक्याठिपक्यांचा असा होतो. युरोपातल्या लोकांबरोबर हे पीक आपल्या देशात आले आणि इथलेच होऊन बसले. किराणा दुकानात चित्रा राजमा म्हणून मिळतो, तो याच रूपाचा. सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यात वाघ्या घेवडा पिकतो. त्याच्या दाण्यावर वाघासारखे पट्टे असतात म्हणून ते नाव. तिथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे बी धरून ती जात टिकवली आणि २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. बाहेरून आलेले पीकसुद्धा बी नीट धरले तर एखाद्या भागाचे होऊन जाते, याचे हे आपल्याच राज्यातले उदाहरण आहे. श्रावण घेवडा किंवा फरसबी म्हणून कोवळ्या शेंगांची भाजी करतात, तीही याच पिकाची.

हंगाम कोणता?

कोरेगावाकडे घेवडा पावसाळ्यात घेतात. ते पाहून आपण मृगात पेरायला जाऊ नये. आपल्याकडचा पाऊस धानाचा पाऊस आहे. घेवड्याच्या मुळाला पाणी साचलेले अजिबात चालत नाही, दोन दिवस वाफ्यात पाणी राहिले की मूळ कुजते आणि झाड उभे वाळते. उन्हाळाही याला सोसत नाही. दिवसाची उष्णता ३० अंशांच्या वर गेली की फुले गळू लागतात. म्हणजे फुले आणि शेंगा थंडीतच यायला हव्यात.

पेरल्यापासून साधारण ३५ ते ४५ दिवसांत घेवडा फुलावर येतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरणी केली तर फूल डिसेंबरात येते आणि माघाचे ऊन तापण्याआधी दाणा भरून होतो. भारी धान निघेपर्यंत थांबून डिसेंबरात पेरले, तर झाड वाढेल, हिरवेगार दिसेल, पण शेंगा मोजक्या लागतील. परसाची जागा धानासाठी अडलेली नसते, म्हणून तिथे वेळ साधता येते. बांधीत ती सहसा साधत नाही.

पहिले बी कुठून आणावे? किराण्यातला राजमा पेरला तर उगवतो कधीकधी, पण तो किती जुना, कोणत्या डोंगराळ मुलखातला, उंच वेलाचा की बुटक्या झाडाचा, काहीच कळत नाही. त्यापेक्षा आपल्या हवामानाला मानवणाऱ्या बुटक्या जातीचे बी घ्यावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची वरुण ही जात महाराष्ट्रासाठी काढलेली आहे. साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयात चौकशी करावी. एकदाच बी आणायचे आहे, तेव्हा दोन चकरा पडल्या तरी हरकत नाही.

पेरणी

दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद एवढी जागा एका घराला सुरुवातीला पुरे. मोरंड जमीन असली तर ती घट्ट बसते, म्हणून वीतभर उंचीचे गादीवाफे करावेत. सिहार जमिनीत पाणी लवकर निचरते, पण तिच्यात कस कमी, तिथे शेणखत जास्त लागते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. हरभरा, तूर, लाखोरी ही पिके मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र घेतात. घेवडा डाळवर्गातला असला तरी आपल्या जमिनीत त्याच्या मुळांवर गाठी फारशा धरत नाहीत. डाळ आहे म्हणून खत नको असे समजू नका. एवढ्या जागेला चांगले कुजलेले शेणखत सात-आठ घमेली मातीत मिसळा, आणि झाडे तीन-चार आठवड्यांची झाली की आणखी दोन घमेली मुळाजवळ देऊन माती चढवा.

पेरण्याआधी वाफा भिजवा आणि वाफसा आल्यावर पेरा. आधी पेरून वरून पाणी सोडू नका. याचे कारण बी उगवण्याच्या रीतीत आहे. हरभऱ्याची डाळ जमिनीतच राहते आणि फक्त कोंब वर येतो. घेवडा आणि वाल यांचे तसे नाही, ते आपली डाळ डोक्यावर घेऊन वर येतात. वरून पाणी दिले की मातीचा पापुद्रा कडक होतो, बिचाऱ्या रोपाची मान त्यात मोडते, आणि आपण म्हणतो बी खराब होते. बी रात्रभर भिजवूही नये, फार पाणी प्यालेला दाणा फुटतो आणि सडतो. दोन ओळींत एक फूट आणि दोन दाण्यांत अर्धा फूट अंतर ठेवून दोन बोटे खोल टोकावे. एवढ्या जागेत साधारण दोनशे झाडे बसतात आणि शंभर ग्रॅम बी पुरते. ट्रायकोडर्मा मिळाले तर चिमूटभर बियाण्याला चोळावे. रोपे चार पानांची होईपर्यंत कोंबड्यांपासून राखावे लागते, हे घरातल्या लहान मुलांना सांगून ठेवा.

पाणी आठ-दहा दिवसांनी, हलके. फुलावर असताना आणि शेंगेत दाणा भरताना पाण्याचा ताण पडू देऊ नका, बाकी वेळी एखादी पाळी मागेपुढे झाली तरी बिघडत नाही. पानाखाली मावा दिसला तर निंबोळी अर्क फवारा.

उरलेले ते बी, ही खोड सोडा

आता या पत्रकाचा मुख्य मुद्दा. आपल्या घरांत बी धरायची पद्धत काय आहे, ती आठवून पाहा. वालाला पहिला बहर आला की कोवळ्या शेंगा भाजीला जातात. दुसरा बहर पाहुण्यांना जातो, थोडा बाजारात जातो. मग दाणे भरलेला पोपट सोलून रस्सा होतो. शेवटी होळीच्या सुमारास वेलावर ज्या चार वाकड्या, किडक्या, उन्हाने सुरकुतलेल्या शेंगा राहतात त्या तोडून आपण म्हणतो, या बियाण्याला ठेवू. म्हणजे जे खाण्याच्या लायकीचे नाही ते पुढच्या वर्षी पेरायचे! असे पाच-सात वर्षे केले की जात बिघडली, पहिल्यासारखी शेंग येत नाही, अशी तक्रार सुरू होते. जात बिघडलेली नसते. उशिरा येणारा, दुबळा वेल आपणच दरवर्षी निवडत आलेलो असतो.

बी वेलावर निवडायचे असते. सुपात निवडायला बसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. सुपात तुम्हाला दाणा दिसतो, पण तो ज्या झाडाचा आहे ते झाड दिसत नाही. मोठा टपोरा दाणा रोगट झाडावर एकुलत्या एका शेंगेतलाही असू शकतो.

म्हणून घेवडा फुलावर आला की सकाळी एक फेरी मारा. लवकर फुललेली, जोमदार, सरळ, निरोगी झाडे पाहा आणि त्यांना लाल चिंधी किंवा सुतळी बांधा. वीस झाडांना बांधा. दोन-तीन झाडांवर भागवू नका, कारण थोड्या झाडांचे बी धरत गेले तर जातीतले अंगचे वेगवेगळे गुण हळूहळू निघून जातात. पंधरा दिवसांनी शेंगा लागल्यावर पुन्हा फेरी मारा आणि ज्या झाडाने निराशा केली त्याची चिंधी सोडा. चिंधी बांधलेल्या झाडाची एकही कोवळी शेंग भाजीला तोडायची नाही, हा घरात नियम करा. सासूबाई, सूनबाई, शेजारीण, सर्वांना सांगून ठेवा. हा नियम घरातली बाईमाणसेच पाळतात आणि पाळायला लावतात, असा अनुभव आहे.

दोन रोग बियाण्यातून पुढच्या वर्षी येतात, ते ओळखता आले पाहिजेत. पान आकसलेले, त्यावर फिकट-गडद हिरवे चट्टे आणि कडा खाली वळलेल्या, असे झाड दिसले तर तो केवडा, म्हणजे मोझॅक रोग. त्याचा विषाणू दाण्याच्या आत शिरतो, वरून औषध लावून जात नाही. असे झाड उपटून जाळा, ते फुलावर येण्याची वाट पाहू नका. दुसरा करपा. शेंगेवर काळपट, खोलगट, गोल डाग पडतात. त्या शेंगेतला दाणा वरून चांगला दिसला तरी बियाण्यात घालू नका.

एवढ्या जागेतून किलो-सव्वा किलो वाळलेला घेवडा निघाला तर ठीक पिकला म्हणावे. निवडलेल्या वीस झाडांपासून दीडशे ग्रॅमच्या आसपास बी मिळते. पेरायला शंभर ग्रॅम लागते. म्हणजे बियाण्यासाठी झाडे राखली तरी खाण्याचे फारसे कमी होत नाही, आणि पन्नास ग्रॅम हाताशी राहतात. त्या पन्नास ग्रॅमांचे काय करायचे ते पुढे सांगतो.

शेजारचे पीक बाधते का?

सगळ्याच भाज्यांचे बी इतक्या सहज धरता येत नाही. मक्याचा पराग वारा नेतो, भोपळा-दोडक्याचा मधमाशी नेते, आणि शेजारच्या परसातली जात आपल्यात येऊन मिसळते. घेवड्याचे फूल उमलण्याआधीच आपल्या आपल्यात फळून मोकळे होते. त्यामुळे आईसारखेच लेकरू येते. दोन वेगळ्या जाती असल्या तर मध्ये दहा फूट अंतर आणि एखादी वांग्या-मिरचीची ओळ पुरे. वालही बहुधा आपल्या आपल्यातच फळतो, पण त्याच्या फुलांवर काळे मोठे भुंगे आणि मधमाश्या येतात, त्यामुळे थोडी मिसळ होते. पांढऱ्या आणि जांभळ्या फुलांचे वाल एकाच मांडवावर चढवले असतील, तर बियाण्यासाठी दोन्ही वेगळे करा.

एक गंमत सांगतो. मिसळ झाली तर त्याच वर्षीच्या दाण्यावरून ती कळत नाही. दाण्याची साल ही आईची असते, म्हणून दाणा बाहेरून आईसारखाच दिसतो. फरक पडलेला असतो तो आतल्या कोंबात. तो दाणा पुढच्या वर्षी पेरला आणि त्या झाडाला शेंगा आल्या, की मग त्यांत निराळ्या रंगाचे दाणे निघतात. तेव्हा एखाद्या झाडाचे सगळेच दाणे वेगळ्या रंगाचे निघाले तर ते बाजूला काढा आणि खाऊन टाका, किंवा हौस असेल तर कोपऱ्यात वेगळे पेरून पाहा. मात्र ठिपक्यांच्या घेवड्यात प्रत्येक दाण्याचे ठिपके थोडे वेगळे असतातच, ती मिसळ समजू नये. दाण्याची फिकट जमीन तपकिरी पडत चालली असेल तर तो दाणा जुना होत चालला, एवढेच.

पाकिटावर संकरित असे छापले असेल, जसे टमाटर, दोडका, भेंडी यांच्या बऱ्याच पाकिटांवर असते, तर त्याचे बी धरू नका. पुढच्या पिढीत ते फुटून नाना तऱ्हांचे येते.

काढणी आणि वाळवण

निवडलेल्या झाडांच्या शेंगा वेलावरच पिवळ्या होऊन कागदासारख्या वाजू लागेपर्यंत ठेवा. काढणी सकाळी दव असताना करावी, म्हणजे शेंग तडकून दाणे सांडत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत आपल्याकडे अवकाळी पाऊस आणि गारपीट होते. आभाळ भरून आले आणि बहुतेक शेंगा पिवळ्या झालेल्या असतील, तर झाडे मुळासकट उपटून ओसरीत उलटी टांगा. राहिलेला दाणा तिथे पिकतो. शेंगेत भिजलेला दाणा मात्र डागाळतो आणि त्याची उगवण जाते.

बियाण्याच्या शेंगा हाताने सोला. काठीने झोडपू नका, बैलाच्या पायाखाली तर मुळीच घालू नका. घेवड्याचा दाणा वरून अखंड दिसला तरी आतून त्याची डाळ सुटते आणि कोंब मोडतो. असा दाणा शिजतो चांगला, उगवत नाही.

सोललेले बी दोन-तीन दिवस सावलीत पसरा, मग आठवडाभर सकाळच्या कोवळ्या उन्हात चटईवर वाळवा. दुपारच्या तापलेल्या टिनावर किंवा सिमेंटच्या ओट्यावर ठेवू नका. वाळले की नाही हे दाताने पाहा. दाणा चावल्यावर दाताची खूण उमटली तर अजून ओला आहे, टक्कन तुटला तर वाळला. आणखी एक परीक्षा आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत चमचाभर भाजून थंड केलेले मीठ आणि मूठभर बी घालून झाकण लावा आणि हलवा. दहा मिनिटांनी मीठ काचेला चिकटलेले दिसले तर बियाण्यात पाणी जास्त आहे. मीठ चिकटले नाही म्हणून लगेच भरू नका, आणखी दोन दिवस ऊन द्या, कारण मिठाला मोठा ओलावा कळतो, थोडा कळत नाही. बियाण्यातला ओलावा शेकडा एकाने उतरला की त्याचे साठवणीतले आयुष्य साधारण दुपटीने वाढते, असा बीजशास्त्रातला ठोकताळा आहे. त्या मानाने दोन दिवसांचे ऊन फार स्वस्त पडते.

वालाचा शत्रू वेगळा, घेवड्याचा वेगळा

माझ्या मायने माहेरून एक वाल आणला होता. पांढरे फूल, तळहाताएवढी रुंद शेंग आणि शेंगेला तूप लावल्यासारखी चकाकी. वीस-बावीस वर्षे तो आमच्या मांडवावर होता. एका वर्षी बी वाळवून, तेलाच्या रिकाम्या डब्यात भरून, वर झाकण घट्ट लावून मायने फळीवर ठेवले. मृगात डबा उघडला तर वर पीठ आणि खाली चाळण. एकेका दाण्याला दोन-दोन भोके. डबा घट्ट होता, उंदीर नाही, पाणी नाही. मग भुंगा आला कुठून?

भुंगा शेतातूनच आला होता. शेंग वेलावर पिवळी होत असतानाच भुंग्याची मादी त्यावर अंडी घालते. ती अंडी, किंवा दाण्यात शिरलेली बारीक अळी, आपण आपल्या हाताने डब्यात भरतो. महिनाभरात अळीचा भुंगा होतो, तो आत पुन्हा अंडी घालतो, आणि फेब्रुवारीपासून जूनपर्यंत चार पिढ्या सहज होतात. नुसते घट्ट झाकण याला पुरत नाही. डबा अर्धा रिकामा असेल तर आतली हवा त्या सगळ्यांना पुरून उरते.

म्हणून वाल, चवळी, मूग यांचे बी भरताना चुलीची राख वस्त्रगाळ करून, पूर्ण थंड झाल्यावर, बियाण्याइतकीच मापून मिसळा. डबा काठोकाठ भरा, आणि कमी पडला तर वर राखेचाच थर द्या. राखेत भुंग्याला हिंडता येत नाही, आणि त्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडून तो सुकून मरतो. आता घरोघरी गॅस आला, चूल पेटत नाही, राख कुठून आणू, असे विचारणाऱ्या भगिनींनी एक किलो बियाण्याला चहाचा एक चमचा खाण्याचे तेल दोन्ही हातांनी चोळावे. प्रत्येक दाण्याला ते पुसटसे लागले पाहिजे, म्हणजे अंडी गुदमरतात. महिन्याने एकदा डबा उघडून पाहा. एखाद्या दाण्यावर पांढरा ठिपका किंवा गोल खिडकीसारखा डाग दिसला तर तेवढे दाणे काढून बाकीच्यांना पुन्हा ऊन द्या.

कोठीत घालायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या मात्र राहत्या घरात आणू नका. त्यातून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो, आणि त्यावर उतारा नाही. किलोभर बियाण्यासाठी तर हा धोका मुळीच पत्करू नये.

घेवड्याचे उलट आहे. मूग-चवळी-वालाला लागणारा भुंगा घेवड्याच्या दाण्यात सहसा वाढत नाही, त्या दाण्यात असा एक पदार्थ असतो की अळीला पीठ पचत नाही. राजम्यावर जगणारे भुंगे दुसरे आहेत, म्हणून नजर ठेवावीच, पण घेवड्याचा खरा शत्रू दमट हवा. वालाचे बी फेब्रुवारीत भरले की जूनमध्ये पेरून होते, त्याला पावसाळा पाहावा लागत नाही. घेवड्याचे बी फेब्रुवारीत भरून ऑक्टोबरात पेरायचे, म्हणजे वैनगंगाकाठचा अख्खा पावसाळा त्याने घरात काढायचा. कापडाच्या पिशवीत टांगलेले बी श्रावणात हवेतले पाणी ओढून घेते, आणि दिवाळीला पेरले की चारातला एक उगवतो.

यावर उपाय आपल्या धानाच्या मुलखात घरातच आहे. मूठ-दोन मुठी तांदूळ तव्यावर तांबूस होईपर्यंत भाजा, झाकण घालून थंड करा, आणि कापडाच्या पुरचुंडीत बांधून काचेच्या बरणीच्या तळाशी ठेवा. वर कागदाच्या पुडीत बी. तांदूळ बियाण्याच्या निम्मे तरी हवेत. झाकणाच्या फटीवर मेण लावा किंवा रबरी चकतीची बरणी घ्या. भाजलेला तांदूळ आतला ओलावा ओढून घेतो. पोळ्याच्या सुमारास ते तांदूळ बदला, पण पाऊस चालू असताना बरणी उघडू नका. बरणी चुलीपासून आणि पत्र्याच्या छपरापासून दूर, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवा. चिठ्ठी लिहून आत टाका: कोणते बी, कोणत्या वर्षीचे. तोंडी लक्षात राहते, असे सगळेच म्हणतात.

आता ते पन्नास ग्रॅम. आमच्या मायचा वाल गेला तेव्हा ती दोन दिवस कोणाशी बोलली नाही. मग पलीकडच्या आळीतल्या काकूंनी, त्यांना मायनेच दोन वर्षांपूर्वी दिलेल्या मुठीतले, अकरा दाणे आणून दिले. त्यातले सात उगवले. तो वाल आजही आमच्या मांडवावर आहे तो त्या सातांवर. तेव्हा आपले बी दोन घरी ठेवा. एक मूठ बहिणीच्या, व्याह्यांच्या किंवा शेजाऱ्याच्या घरी द्या, शक्यतो दुसऱ्या गावी, म्हणजे एका घरी पूर आला, भुंगा लागला किंवा कोणी चुकून शिजवून टाकले तरी जात जात नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी याच रीतीने, बायाबायांत देवघेव करून, वालासकट कितीतरी गावरान भाज्यांचे बी राखले. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

बी देण्याघेण्यात कायद्याची अडचण येईल का, असे काही जण विचारतात. येत नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त संरक्षित जातीचे बी पाकिटावर तिचे नाव छापून विकता येत नाही.

खाताना एवढे सांभाळा

वाळलेला घेवडा कच्चा किंवा अर्धकच्चा कधीही खाऊ नये, मुलांना दाणे चघळू देऊ नयेत. कच्च्या दाण्यात विष असते, चार-पाच दाण्यांनीसुद्धा ओकाऱ्या होतात. रात्रभर भिजत घाला, ते पाणी फेका, आणि नव्या पाण्यात खळखळ उकळून पूर्ण मऊ शिजवा. मंद आचेवर नुसता ठेवून दिल्याने विष जात नाही. शिजल्यावर त्याचे सुंदर ठिपके नाहीसे होऊन सगळा दाणा एकरंगी होतो, त्याला इलाज नाही. औषध चोळलेले बी उरले तर ते खाण्यात किंवा जनावरांच्या दाण्यात घालू नका.

पेरणीआधी

कोजागिरीच्या सुमारास बरणी उघडा आणि वीस दाणे मोजून घ्या. निवडून घेऊ नका, हाताला येतील ते घ्या. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर रांगेत मांडून त्याची सैल गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा, पण गोणपाट निथळत ठेवू नका. सातव्या दिवशी उघडून मोजा. पंधरा किंवा जास्त दाण्यांना धड कोंब आला असेल तर बी चांगले, नेहमीच्या अंतराने पेरा. दहा-बाराच उगवले तर एका जागी दोन-दोन दाणे टोका. पाच-सहावर आले तर त्या बियाण्यावर वाफा अडवू नका. ज्या घरी मूठ ठेवायला दिली होती तिथे जाऊन विचारा. पेरणीचे दिवस अजून हातात असतात. परीक्षेतले कोंब आलेले दाणेही फेकू नका, कोंब न मोडता कुंडीत किंवा वाफ्याच्या कडेला लावा.